निवलेली पेज

पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही. सोमवार ते शुक्रवार गोव्यातल्या डिचोलीहून निघायचं, जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर आवळून टेबलावर निजायचं, थोड्या वेळात मोकळं. टॉन्सिलची कॅन्सरची गाठ, एकूण 33 शेक, म्हणजे रेडिएशन. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, लोक उगाच घाबरवतात.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. आपल्याकडे उष्णता वाढली की येतं तसं नव्हे. जिभेच्या कडा सोललेल्या, घशात पांढरे चट्टे, आणि लाळ अशी चिकट की थुंकली तरी तार तुटेना. थुंकी गिळली तरी कानापर्यंत कळ जायची. आमच्या घरात माशाचं हुमण नाही असा दिवस जात नाही. आता तिरफळाच्या वासानेच मी मागच्या पडवीत जाऊन बसायचे. सोलकढीचा एक घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. आंबट, तिखट, गरम, कुरकुरीत, सगळं बंद.

माझं चुकलं ते दुखण्याच्या गोळीच्या बाबतीत. सोसवेल तितकं सोसायचं आणि अगदीच असह्य झालं की गोळी घ्यायची, असा माझा हिशेब. म्हणजे जेवायला बसायचं, दोन घास रडत गिळायचे, ताट सारायचं आणि मग गोळी. 58 किलोंवरून 52 वर आले. दर आठवड्याला वजन करणाऱ्या सिस्टरने काटा बघितला आणि विचारलं, "मावशी, गोळी कधी घेता?" सांगितल्यावर कपाळाला हात लावला. गोळी घड्याळ लावून घ्यायची, आणि जेवणाच्या अर्धा तास आधी पोटात हवी. बसायच्या आधी पाच मिनिटं घसा बधिर करणारं पातळ औषध. त्याने पोळलेलंही कळत नाही, म्हणून सून पेज आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची, बाळाचं दूध बघतात तशी.

तरी पुढे मॉर्फिन लागलंच. नाव ऐकून हे गप्पच झाले. डॉक्टरांनी समजावलं की दुखण्यापुरतं, ठरलेल्या मापाने घेतलं आणि नंतर हळूहळू कमी केलं तर व्यसनाची भीती नको. पण पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. ही दुसरी गोष्ट लिहून ठेवा, मी चार दिवस भोगलंय.

बाकी दिवसभर गुळण्या. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. दर दोन तासांनी. मधेच जिभेवर दह्यासारखा थर आला, तो बुरशीचा निघाला. वेगळं औषध दिल्यावर जळजळ पुष्कळ उतरली. म्हणून रोज टॉर्च मारून तोंड बघायचं.

उतरलं काय? उकड्या तांदळाची पेज, मिक्सरमधून काढून, वर नारळाचा घट्ट रस आणि चमचाभर तूप. पूर्ण निवलेली. नाचणीचं तिझान, म्हणजे गोड पातळ खीर, पण गूळ कमी, गोडाने घसा चरचरायचा. अंडं दुधात फेटून मऊ शिजवलेलं. एका वेळी वाटीभर, दिवसातून सात-आठ वेळा.

शेवटचा शेक झाला तेव्हा ह्यांनी हौसेने मानकुराद आंबे आणले. मला वाटलं, संपलं. कुणी सांगितलंच नव्हतं की त्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात वाईट. पाणीही उतरेना, आणि नाकातून नळी घालावी लागली. मला ती हार वाटली होती. खरं तर त्या 19 दिवसांतच मला जरा झोप लागली. फक्त दिवसातून चार-पाच वेळा जपून घोटभर पाणी गिळायचंच, नाहीतर घसा गिळणं विसरतो, असं बजावलेलं. आंबे शेजाऱ्यांनी खाल्ले.

गणेश चवथीच्या आधी नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण करताना बोट चाटलं, तर वेलची लागली. गोड नाही, नुसती वेलची. मीठ त्याच्याही आधी परतलं होतं, पण अजून माझ्या हातचं सुनेला खारट लागतं.

लाळ मात्र पूर्वीसारखी नाही. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव ताज्या कडक कवचाचा असला तरी आमटीत बुडवल्याशिवाय घशाखाली जात नाही. रात्री उशाशी पाण्याची बाटली. दातांना रोज फ्लोराइडचं जेल, आणि दात काढायचा झाला तर आधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं, कारण तिथलं हाड लवकर भरून येत नाही. परवा डावी दाढ ठणकली. उद्या त्यांनाच फोन करायचाय.