दिल्ली ते टोकियो: तिकिटावरचे तास आणि खरे तास

फेब्रुवारीत आम्ही दोघं दिल्लीहून टोकियोला जाऊन आलो. तिकीट हातात आलं तेव्हा मी बोटं मोजून हिशोब केला, जाताना रात्री ८ ला निघून सकाळी साडेसातला नारिता (टोकियोचा एक विमानतळ) म्हणजे साडेअकरा तास, येताना सकाळी साडेअकराला निघून पावणेसहाला दिल्ली म्हणजे सव्वासहा तास. म्हटलं वा, येताना काय पळवतात विमान! बायको म्हणाली, अरे जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे ना. मग कळलं की जाताना आठ तास आणि येताना पावणेदहा, म्हणजे सगळं बरोब्बर उलटं.

सरळ अंतर ५,८५० किमीच्या आसपास आहे पण विमान तसं सरळ जात नाही, तिबेट टाळतात, कारण खाली जमीनच एवढी उंच की केबिनचं प्रेशर गेलं तर पटकन खाली उतरायला जागा नाही. आमचं बांगलादेश, म्यानमार, दक्षिण चीन असं वळसा घालून गेलं. समोरच्या स्क्रीनवर जाताना जपानजवळ स्पीड ताशी १,१०० किमीच्या वर दिसत होता आणि येताना त्याच भागात ७०० च्या पुढे जाईना, काटा बघून बघून कंटाळलो. ही सगळी जेट स्ट्रीमची करामत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वरचा जोरदार वारा, जपानवर तर हिवाळ्यात फारच. मजा म्हणजे १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनो इथून फुगे सोडून हा वारा मोजला ओइशी वासाबुरो नावाच्या जपानी माणसाने, आणि पेपर लिहिला एस्परान्तो या फार थोड्यांना येणाऱ्या कृत्रिम भाषेत, मग जगात वाचणार कोण!

आता माझा गाढवपणा. येताना दिल्लीहून पुण्याची फ्लाइट वेगळ्या तिकिटावर ७:५५ ची घेतली होती, दोन तास दहा मिनिटं म्हणजे भरपूर असं वाटलं. वाऱ्यामुळे पाऊण तास उशीर, मग इमिग्रेशनची लाइन, मग बॅगा. बॅगा दिल्लीतच घेऊन कस्टममधून बाहेर काढाव्या लागतात, पुन्हा चेक-इन. आम्ही पळत पोचलो तर काउंटर बंद, रात्र एअरपोर्टवर खुर्चीत आणि सकाळचं नवीन तिकीट. हिवाळ्यात जात असाल तर मध्ये चार-पाच तास ठेवा नाहीतर एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, बुक करा, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं वेगळंच.

नारिता शहरापासून ६० किमी लांब आहे, टोकियोचा दुसरा विमानतळ हानेदा खूप जवळ, दोन्हीचा पर्याय असेल तर थोडे जास्त पैसे देऊन हानेदाच घ्या असं माझं मत. नारिताहून स्कायलायनर ट्रेनने शहरातलं निप्पोरी स्टेशन ४० मिनिटांत येतं, पण तिथून यामानोते लाइनच्या लोकलमध्ये सकाळी नऊला दोन मोठ्या बॅगा घेऊन शिरणं म्हणजे... कोणी काही बोलत नाही, फक्त सगळे एक इंच सरकतात आणि आपल्यालाच लाज वाटते. आणि रात्री उशिरा उतरणारी फ्लाइट घेऊ नका, मध्यरात्रीनंतर ट्रेन नसतात.

जपानच्या इमिग्रेशन-कस्टमसाठी व्हिजिट जपान वेब या साइटवर निघायच्या आधीच माहिती भरून क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

येताना खिडकी उजवीकडची घ्या. बिहारच्या आसपास संध्याकाळच्या उन्हात हिमालयाची अख्खी रांग दिसली, बायको तेव्हा गाढ झोपलेली, उठवलं नाही म्हणून अजून ऐकतोय.