तीन फुटांचा पट

आम्ही जिंकलो. दादा आणि मी क्लबातल्या गोल्फच्या फोरबॉल स्पर्धेत, दोन-दोनांच्या जोड्यांच्या, फायनलला पोचलो, बोर्डावर आमची नावं पुढच्या रकान्यात सरकली, आणि मला काल रात्रभर नीट झोप नाही. तीन फुटांच्या एका पटपायी, म्हणजे ग्रीनवरच्या आखूड गवतातून बॉल कपात, त्या खड्ड्यात, घालायला मारतात त्या हलक्या शॉटपायी. जो मी मारलाच नाही.

संध्याकाळपासून फोन येताहेत. वहिनीनं शिरा करून पाठवला. मी सगळ्यांना थँक यू म्हणतेय आणि आत काहीतरी सलतंय. ह्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "जिंकलात ना? मग झालं तर." त्यांचंही बरोबर आहे. पण झालं नाही, म्हणून तर लिहायला बसले.

अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलच्या टीवर, जिथून पहिला शॉट मारतात तिथे, मॅच ऑल स्क्वेअर, म्हणजे बरोबरीत होती. दादाचा दुसरा शॉट झाडीत गेला. तिथून त्यानं एकदा बाहेर काढायचा प्रयत्न केला, मान हलवली आणि बॉल खिशात टाकला. समोरच्या जोडीतल्या डॉक्टरांचा ड्राइव्ह, पहिला शॉट, कुंपणापलीकडे, त्यानंतरचा बॉलही त्याच वाटेनं. राहिलो त्यांचे जोडीदार कर्नलसाहेब आणि मी. पार पाचचा होल, म्हणजे पाच शॉटांत संपवायचा. कर्नलसाहेबांनी पाचात संपवला. मला त्या होलवर हँडिकॅपचा एक शॉट मिळतो, म्हणजे माझ्या आकड्यातून एक वजा होतो, आणि माझा चौथा शॉट, सत्तर यार्डांवरून मारलेला, ग्रीनवर दोनदा टप्पा घेऊन पिनच्या वर तीनेक फुटांवर थांबला. आत गेला तर माझे पाच, नेट चार, मॅच आमची. चुकला तर नेट पाच, होल हाफ, म्हणजे बरोबरीत, आणि चौघंही परत पहिल्या टीवर.

मी बॉल मार्क केला, पुसला, परत ठेवला. बॉलवरची काळी रेघ लाइनवर आणली. कॅडी माझ्या मागे उकिडवा बसून हळूच म्हणाला, "मॅडम, लेफ्टला अर्धा कप धरा. उतार आहे, जोर नको." मीही तेच वाचलं होतं. बाबांचा पटर हातात होता. एकदा कपाकडे पाहिलं, एकदा बॉलकडे. हाताला घाम नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे कधीतरी मलाच खोटं वाटेल. हाताला घाम नव्हता, श्वास जागेवर होता, आणि तो पट आत जाणार आहे हे मला दिसत होतं.

आणि मागून आवाज आला, "उचल गं, दिला."

मी वळून पाहीपर्यंत कर्नलसाहेब पुढे आले होते. पटरच्या टोकानं त्यांनी माझा बॉल माझ्याकडे ढकलला, टोपी काढली, हात पुढे केला. "वेल प्लेड." दादा धावत आला. कॅडीनं झेंडा परत लावला. आणि मी हातात बॉल घेऊन उभी. त्यावरची रेघ भलतीकडेच फिरलेली.

मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या खेळात, समोरच्यानं पट दिला, म्हणजे न मारताच आत गेला असं धरलं, की तो दिलाच. घेणाऱ्याला नाकारता येत नाही, देणाऱ्याला मागे घेता येत नाही. तिसऱ्या नियमात हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मी "थांबा, मला मारायचाय" म्हणून मारला असता आणि चुकले असते, तरी मॅच आमचीच. आत गेला असता तरी तो कुठे धरला गेला नसता. "मग घरी येऊन कार्पेटवर मार," असं दादा म्हणाला. त्याला कळत नाही असं नाही. त्याला विषय संपवायचा होता.

पण दादाला हे सगळं माझ्यासारखं जाणवणारच नाही. त्याचा बॉल सकाळपासून मोजला जात होता.

फोरबॉलमध्ये चौघंही आपापला बॉल खेळतात आणि प्रत्येक जोडीतला कमी आकडा धरतात. दुसऱ्याचा आकडा हवेत विरतो. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी शॉटांची सवलत; दादाचा ८, माझा २४. त्याचे नव्वद टक्के काढले की दादाचे ७, माझे २२. चौघांत दादा सगळ्यात खाली, म्हणून तो शून्यावर, आणि मला फरकाचे १५ शॉट. कागदावर बघितलं तर ह्या १५ शॉटमुळे जोडीला खरं बळ मीच देणार. प्रत्यक्षात मी अजून रफमध्ये, उंच गवतात, सातवी आयर्न शोधत असते आणि दादा ग्रीनवरून हात करतो, "तू उचल, मी आहे ना." चांगल्या मनानं म्हणतो. वेळ वाचावा म्हणून म्हणतो. मागच्या जोड्या खोळंबलेल्या असतात, म्हणून म्हणतो. मी उचलते. होल आम्ही जिंकतो, पाठीवर थाप मिळते, मी पुढच्या टीकडे चालायला लागते.

लहानपणी वाड्यात लपंडाव खेळताना मी लिंबूटिंबू असायचे. सगळ्यांबरोबर पळायचं, लपायचं, दमायचं, पण सापडले तरी राज्य माझ्यावर नाही. दादाच सगळ्यांना सांगायचा, "ती लिंबूटिंबू आहे हां." तेव्हाही मला वाटायचं, एकदा तरी येऊ दे ना माझ्यावर राज्य. अठराव्यावर ते आलं होतं. दादाचा बॉल खिशात होता. वाचवायला कोणी नव्हतं, झाकायलाही कोणी नव्हतं. आणि कर्नलसाहेब म्हणाले, दिला.

ते बाबांचे पार्टनर होते. त्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलंय. म्हणून तर "उचल गं". तो पट त्यांनी मला दिला, की बाबांच्या मुलीला? रात्री हाच प्रश्न फिरून फिरून येत होता. माझ्या जागी दादा उभा असता तर त्यांनी त्याला दिला असता का? तीन फूट, उताराचा, मॅचचा शेवटचा. क्लबात साधारण पटरच्या ग्रिपच्या लांबीच्या आतला बॉल सोडायची पद्धत आहे. माझा त्याच्या बाहेर होता, चांगला बाहेर. पुरुषांच्या मॅचमध्ये असा पट कोणी देताना मी पाहिलेलं नाही. मग मलाच का? मी थरथरेन, चुकेन, सगळ्यांसमोर रडवेली होईन, असं वाटलं का त्यांना? बाबांना काय वाटलं असतं... ते जाऊ दे.

गाडीत दादानं निकलसची गोष्ट काढली. काढणारच होता. १९६९ची रायडर कप, अमेरिका विरुद्ध ब्रिटन, रॉयल बर्कडेल, शेवटची मॅच, शेवटचं ग्रीन. अमेरिकेच्या निकलसनं आपला पट आत घातला आणि ब्रिटनच्या जॅकलिनचा दोनेक फुटांचा पट देऊन टाकला. दोन्ही संघ १६-१६, रायडर कपच्या इतिहासातली पहिली बरोबरी. निकलसच्या संघातल्याच काहींना ते रुचलं नव्हतं, कॅप्टन स्नीडला तर नाहीच. दादा ही गोष्ट सांगताना नेहमी हळवा होतो. मी खिडकीबाहेर बघत होते. मला एवढंच सुचत होतं की ही गोष्ट सांगणारे सगळे निकलसच्या बाजूनं सांगतात. जॅकलिन त्याच वर्षी ओपन जिंकून आला होता, घरच्या माणसांसमोर खेळत होता. त्याला नसेल वाटलं, की मारू दे मला?

आणि दुसरं असं, की निकलसनं दिला तेव्हा बरोबरी झाली आणि कप आधीपासून अमेरिकेकडे होता म्हणून तिथेच राहिला. कर्नलसाहेबांनी दिला तेव्हा ते स्पर्धेतून बाहेर पडले. हे मी दादाला म्हटलं. तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, "हो गं. तसं बघितलं तर त्यांचं जास्त गेलं."

न देण्याचीही गोष्ट आहेच. २०१५ची सोल्हाइम कप, बायकांची, अमेरिका विरुद्ध युरोप, जर्मनीत, तीही फोरबॉलच. सतराव्यावर अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीचा पट कपापलीकडे दीडेक फूट गेला, तिला वाटलं दिलाच, तिनं बॉल उचलला. युरोपची पेटरसन म्हणाली, आम्ही दिला नव्हता. होल गेला, ती मॅचही गेली. ली रडली. त्याच दिवशी नंतर सिंगल्समध्ये अमेरिकेनं सगळं फिरवून १४½-१३½ असा कप नेला, आणि पेटरसननं नंतर जाहीर माफी मागितली. पुढे २०१९च्या नियमांत असा खरोखरचा गैरसमज झाला तर बॉल दंडाशिवाय परत ठेवायची सोय झाली. लीचं ते पाहिल्यापासून मी स्पष्ट शब्द ऐकल्याशिवाय बॉलला हात लावत नाही. काल स्पष्ट शब्द मिळाले. काल नेमके ते नको होते.

पहाटे उठून चहा केला आणि अदिती अशोक आठवली. टोकियो ऑलिंपिक, ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. आमच्या घरात ज्यांना बर्डी म्हणजे काय ते ठाऊक नाही तेसुद्धा टीव्हीपुढे बसले होते. शेवटच्या होलवरचा तिचा लांबचा पट कपाच्या अगदी जवळून गेला. १५ अंडर, म्हणजे पारपेक्षा १५ शॉट कमी, तरी चौथी. पदक एका शॉटनं हुकलं. तो स्ट्रोक प्ले, सगळे शॉट मोजायचे, तिथे कोणी कुणाला काही देत नाही, सहा इंचांचा असला तरी संपवावा लागतो. मी त्या दिवशी फार हळहळले होते. आज मात्र वाटलं, तिला तो पट मारायला मिळाला. अख्ख्या देशासमोर उभं राहून मारला तिनं. त्यापुढचं जे झालं ते तिचं होतं.

चहा निवला तसा चौदावा होल आठवला.

कालपासून तो कसा मनात आला नाही, देव जाणे. चौदाव्यावर दादा पाण्यात गेला होता. आम्ही एक होल मागे. माझा बॉल कपापासून दोन फुटांवर, सरळ, सपाट. असा पट कुणीही कुणालाही देतो. मी कर्नलसाहेबांकडे पाहिलं. ते लांब येरवड्याच्या दिशेनं कुठेतरी बघत होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, तेही गप्प राहिले. मला राग आला होता, अगदी कानशिलं गरम होईपर्यंत. एवढासा पट, आणि तोही देत नाहीत! बाबांचे मित्र म्हणवतात! मग मी उभी राहिले आणि मारला. कपाच्या मागच्या कडेला ठक्कन लागून आत. होल हाफ. तो गेला नसता तर आम्ही दोन डाउन, चार होल शिल्लक, आणि मला नाही वाटत आम्ही तिथून परत आलो असतो. तो आकडा माझा होता. स्कोअरकार्डावर दादाच्या रकान्यात रेघ आहे आणि माझ्या रकान्यात पाच, भोवती गोल केलेला. आत्ता बॅगेतून काढून पाहिलं.

म्हणजे बाबांच्या मुलीला सोडायचं असतं तर ते चौदाव्यावर सोडलं असतं. तिथे सोपं होतं, पुढे होते ते. उलट, बहुतेक लोक करतात ते असं: सुरुवातीला दोन-दोन फूट उदारपणे देत राहायचं, समोरच्याला छोटा पट मारायची सवयच राहू द्यायची नाही, आणि शेवटच्या तीन होलांवर तोंड मिटून बसायचं. ह्या क्लबात अर्ध्या मॅच अशाच जिंकल्या जातात. कर्नलसाहेबांनी बरोबर उलटं केलं. दोन फुटांचा सरळ पट त्यांनी मला मारायला लावला आणि तीन फुटांचा उताराचा दिला. चौदाव्यावर गप्प राहिलेला माणूस अठराव्यावर बोलला. मधल्या चार होलांत त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच माहीत, पण पाहिलं एवढं नक्की. मी त्या बॉलवर उभी होते ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं. ते समोर होते.

हे लिहिल्यावर छातीवरचं ओझं जरा हललं. पूर्ण गेलं नाही. तो पट मला मारायचा होता, अजूनही मारायचाय, ही हुरहूर राहणारच. आत गेल्याचा आवाज हवा होता मला. पण तो मला भीक म्हणून मिळाला असं आता वाटत नाही. जॅकलिननंही पुढे निकलसबरोबर मिळून फ्लोरिडात एक गोल्फ कोर्स उभा केला आणि त्याला त्या पटचंच नाव दिलं. जन्मभर खटकत राहिलं असतं तर कोणी असं केलं नसतं. दादाला हे सांगायला हवं, त्याची गोष्ट पूर्ण होईल. दादाला आणखीही काही सांगायचंय, त्या "मी आहे ना" बद्दल, पण त्याचा गुडघा सध्या इतका दुखतो की फायनल होईपर्यंत नको.

कर्नलसाहेबांना फोन करावा असं मनात होतं. नंबर काढलाही. विचारणार काय? "का दिलात?" असं कुणाला विचारतात का! त्यापेक्षा बुधवारी ते नेहमीप्रमाणे नऊ होल खेळायला येतील, तेव्हा त्यांच्याबरोबर जाईन. एकच अट घालणार आहे, कुणी कुणाला एकही पट द्यायचा नाही.

आता शनिवारी संध्याकाळी प्रॅक्टिस ग्रीनवर जायचंय. कॅडीला सांगून ठेवलंय, पिनच्या वरच्या बाजूला तीन फुटांवर बॉल मांडून ठेव, लेफ्टला अर्धा कप धरावे लागणारे. रविवारी समोर जी जोडी आहे ती वीतभर पटसुद्धा सोडत नाही म्हणे. दादाला त्याचं टेन्शन आलंय. मला बरं वाटलं ऐकून.