आमची वाटचाल : टाकीतला थेंब टाकीत

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात पितळी नळांना आणि न्हाणीघरातील इतर फिटिंगना निकेल-क्रोमचे प्लेटिंग, म्हणजे मुलामा, केले जाते. १९९६ साली भाड्याच्या गाळ्यात चार कामगारांना घेऊन हे काम सुरू केले, तेव्हा मालाला चकाकी यावी आणि तो वेळेवर पोचावा, याखेरीज आमच्या डोक्यात काही नव्हते. धुण्याच्या टाकीवरचा नळ दिवसभर वाहत असे. क्रोमच्या द्रावणातून काढलेली जिग, म्हणजे नळ अडकवायची चौकट, कामगार त्याच झटक्यात पाण्यात बुडवीत. ते पाणी पिवळे दिसे. पुढे त्यावर प्रक्रिया होते, एवढ्यावर आमचे समाधान होते.

२६ जुलै २००५ रोजी पारसिकच्या डोंगराकडून आलेले पाणी गाळ्यात गुडघाभर चढले. जागा वाचावी म्हणून आम्ही क्रोमची टाकी अर्धी जमिनीत बसवली होती, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. पाणी ओसरल्यावर पाहिले, तर टाकीतले गडद तांबडे द्रावण चहाच्या फिकट पाण्यासारखे झाले होते. उरलेले क्रोमिक ॲसिड कुठे गेले, हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. जिग भरण्याचे काम करणारे आमचे एक जुने कामगार दिवा कोळीवाड्यातले. ते एवढेच म्हणाले, “शेठ, हा नाला आमच्याच खाडीला मिळतो.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

त्यानंतर टाक्या ओट्यावर घेतल्या आणि सांडलेले द्रावण आतच राहावे म्हणून ओट्याभोवती बांध घातला. खरा बदल मात्र त्याहून साध्या गोष्टीने झाला. टाकीतून वर काढलेल्या जिगला, नळांच्या पोकळीत आणि आट्यांमध्ये अडकलेले द्रावण चिकटून येते. आमच्या धंद्यात त्याला ड्रॅग-आउट म्हणतात. सांडपाण्यातले बरेचसे क्रोम आणि निकेल याच वाटेने बाहेर पडते. म्हणून जिग टाकीवरच तिरकी धरून बारा आकडे मोजायचे, असा नियम केला. पीसवर, म्हणजे नगामागे मजुरी घेऊन, काम करणाऱ्या माणसाला बारा आकडे फार जड जातात. पहिले दोन महिने मी स्वतः शेजारी उभा राहून मोजत असे, आणि अखेर पीसचा दर वाढवून दिल्यावरच तो नियम अंगवळणी पडला. मालकाने पर्यावरणाची जबाबदारी पत्करायची आणि तिची किंमत कामगाराच्या मजुरीतून वळती करायची, हे मला आजही पटत नाही.

पुढे धुण्याच्या तीन टाक्या ओळीने लावून ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडले आणि ते मालाच्या उलट दिशेने पहिल्या टाकीकडे आणले. निकेलची टाकी ५५ ते ६० अंश तापमानाला चालत असल्याने तिच्यातले पाणी सतत उडते, आणि ती तूट निकेलनंतरच्या पहिल्या टाकीतल्या निकेलयुक्त पाण्यानेच भरून काढता येते. पाण्याचे बिल उतरलेच, शिवाय निकेल सल्फेटची खरेदीही कमी झाली.

तरीही थोडे सांडपाणी उरतेच. त्यात आम्ल घालून पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), अडीचच्या आसपास आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचे. पिवळे पाणी डोळ्यांदेखत हिरवे होते, म्हणजे क्रोमियमच्या हेक्साव्हॅलंट या विषारी रूपाचे ट्रायव्हॅलंट हे बरेच कमी विषारी रूप झालेले असते. त्यानंतर चुन्याने पीएच साडेआठपर्यंत चढवला की हिरवा गाळ खाली बसतो. तो फिल्टर प्रेसमध्ये पिळून, मॅनिफेस्टसह, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह, तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पाकडे जातो. सोडलेल्या पाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते.

२०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कायद्याने आमच्याकडून नवे काही मागितले नव्हते, तरी याच सुमारास आम्ही हेक्साव्हॅलंटऐवजी ट्रायव्हॅलंट क्रोमने प्लेटिंग करणारी टाकी बसवली. ती फार नाजूक निघाली. जिगवरून निसटलेला एखादा नळ रात्रभर तळाशी राहिला, तर पितळेतले तांबे-जस्त द्रावणात उतरते आणि सकाळच्या मालावर डाग पडतात. त्यामुळे संध्याकाळी टाकीचा तळ तपासल्याशिवाय कोणी घरी जात नाही. एका मोठ्या ग्राहकाने पहिली संपूर्ण खेप परत पाठवली, कारण जुन्या नळाशेजारी ठेवल्यावर नव्याची छटा किंचित गडद दिसत होती. त्यांच्या पुस्तिकेत हरित धोरणावर पानभर मजकूर होता, दराच्या बोलणीत त्यातली एक ओळही कोणी काढली नाही.

आज आमचे बहुतेक काम ट्रायव्हॅलंटमध्ये होते. जुनी हेक्साव्हॅलंट टाकी मात्र अजून झाकून ठेवलेली आहे आणि दोन ग्राहकांच्या मालासाठी आठवड्यातून एक दिवस तिचे झाकण निघते. नव्या छटेचे नमुने त्या दोघांकडे तिसऱ्यांदा पाठवले आहेत.