अण्णा आणि पाच प्रश्नचिन्हं

तर झालं असं की मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला आमच्याकडे गिरगावात राहायला, आणि येताना त्याच्या बापाची, म्हणजे माझ्या भावाची, माळ्यावर पडलेली जुनी क्रिकेट गेमची डीव्हीडी घेऊन आला. या गेमपायी माझ्या भावाला कॉलेजात दोन केट्या लागल्या होत्या, पण ते पोराला सांगायचं नाही असं ठरलंय आमचं.

घरात लॅपटॉप एकच, अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्याला डीव्हीडी घालायला जागाच नाही हे बघून पोरगं इतकं हिरमुसलं की मीच उठून चालत लॅमिंग्टन रोडला गेले आणि बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन आले. (या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने टॅक्सी मागून बघा एकदा.) आले, जोडला, डिस्क घरघरली, सेटअप उघडला, नेक्स्ट दाबलं आणि खल्लास. एरर १२३. फाइलनेम, डिरेक्टरी नेम ऑर व्हॉल्यूम लेबल सिन्टॅक्स इज इनकरेक्ट.

आता यातलं आपल्याला काय कळणार, मग जे सगळे करतात ते केलं. रीस्टार्ट केला. डिस्क चष्म्याच्या फडक्याने पुसली, तीही गोल गोल नाही तर मधून बाहेर, कारण गोल पुसलं की ओरखडा डेटाच्या रेषेवरच पडतो म्हणे. अँटिव्हायरस बंद केला. राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं, त्याने तर काहीच होत नाही पण आपण काहीतरी केलं असं वाटतं. डिस्कवर जागा आहे का बघितलं तेव्हा अण्णांनी मध्येच, १ टीबी म्हणून विकला आणि दाखवतोय ९३१ जीबी, बाकीचे कुणी खाल्ले, असा प्रश्न काढला. त्यांना कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली. पटलं नाहीच. किराणावाल्याने असं मोजलं असतं तर, म्हणाले.

भावाला फोन केला. तो म्हणाला सोड, विंडोज १० पासून जुन्या डिस्कवरची कॉपी प्रोटेक्शनची कुलपं बऱ्याचदा उघडतच नाहीत. (हे खरंय, पण आमचा घोडा त्याच्या बराच आधी अडला होता.) दुकानवाल्याला विचारलं तर तो, मॅडम फॉरमॅट मारावा लागेल. यांच्याकडे सर्दीलाही फॉरमॅट.

तिसऱ्या दिवशी भाच्याने एररची खिडकी मोठी करून बघितली आणि म्हणाला, "आत्या, हे बघ ना, आजोबांच्या जागी प्रश्नचिन्हं आलीत."

खरंच होती. सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग पाच प्रश्नचिन्हं, मग पुढे टेम्प, म्हणजे सेटअप आपलं सामान आधी उतरवतो ती जागा. पाच का ते लगेच कळेना, कारण अण्णा म्हणजे दोनच अक्षरं ना. मग बोटावर मोजलं. अ, ण, पाय मोडायची खूण, परत ण, आणि काना. पाच! मास्तरांनी जोडाक्षर फोडून दाखवावं तसं त्या मेल्या सेटअपने फोडून दाखवलं होतं.

आता दोष कुणाचा, तर माझाच. लॅपटॉप घेतला तेव्हा अकाउंटला नाव मराठीतच द्यायचं म्हणून मी हौसेने टाइप केलं होतं, अण्णा खूश, ३० वर्षं मंत्रालयात मराठी टिपणं लिहिलेला माणूस तो. विंडोजला काहीच अडचण नव्हती, त्याने गुपचूप त्याच नावाचा फोल्डर केला. अडचण गेमची. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत जागा देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, गेम त्यानंतर कितीतरी वर्षांनी निघाला, तरी त्याचा सेटअप जुन्याच पद्धतीचा, २५६ खणांच्या तक्त्यातून अक्षरं वाचणारा. तक्त्यात नसलेलं अक्षर आलं की प्रश्नचिन्ह ठोकायचं. आणि फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही, म्हणून एरर. मला वाटलं सेटिंगमध्ये भाषा बदलली की होईल, रशियन-जपानी लोक तसंच करतात, तर कळलं की थाईचा तक्ता आहे, व्हिएतनामीचा आहे, देवनागरीचा असा तक्ता विंडोजने कधी केलाच नाही. हे वाचून मात्र मला खरंच राग आला, गेम गेला खड्ड्यात.

तरी रात्री गुपचूप कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अण्णांचं नाव इंग्रजीत केलं. उपयोग शून्य. वर नाव बदलतं, आतला फोल्डर तोच राहतो, लॅमिंग्टन रोडसारखा. वर सकाळी अण्णांनी लॅपटॉप उघडला आणि चष्मा न काढता विचारलं, "माझी पाटी कुणी बदलली?"

परत मराठी केलं, मुकाट्याने.

शेवटी उपाय निघाला तो अगदीच साधा. नावाला हात लावायचा नाही, सी ड्राइव्हमध्येच बाहेर टेम्प नावाचा एक वेगळा फोल्डर करायचा आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये, म्हणजे विंडोजच्या असल्या पत्त्यांच्या वहीत, जाऊन टेम्प आणि टीएमपी या दोन्हींना त्याचा पत्ता द्यायचा. म्हणजे सेटअपला अण्णांच्या दारावरून जावंच लागत नाही. पाच मिनिटांचं काम. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश, आणि भाच्याने पहिल्याच ओव्हरला तीन विकेट घालवल्या.

अण्णा मागे उभे राहून बघत होते. "ते टेम्प म्हणजे काय?"

"तात्पुरतं. काम झालं की काढून टाकू."

"हं," म्हणाले, "मागच्या चाळीतले लोकही चाळ नव्याने बांधेपर्यंत ट्रान्झिट कॅम्पात तात्पुरतेच गेले होते, तिथं आता नातवंडांच्या मुंजी होतायत."

भाचा जूनमध्ये गेला. फोल्डर आहे अजून.