मालीम जेटीवरचे ४० टक्के

३१ जुलै, मासेमारीबंदीचा शेवटचा दिवस. १ जूनपासून बांधून ठेवलेले ट्रॉलर मध्यरात्रीनंतर मोकळे होणार होते, म्हणून सकाळी सव्वासातला आम्ही पणजीजवळच्या मालीमच्या जेटीवर हजर. आम्ही म्हणजे एका स्टार्टअपचे दोघे संस्थापक आणि त्यांची प्रसिद्धी बघणारा मी. त्यांचे यंत्र अगदी साधे. माशांच्या क्रेटमध्ये खुपसायची स्टीलची सळई, तिला वायर, वायरीला डबी, आणि क्रेटच्या पोटातले तापमान तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, मोबाइलवर.

मालीम का, तर ‘अमुक कंपनी सुरू झाली’ ही बातमी नसते. स्टार्टअपवर लिहिणारी देशपातळीवरची संकेतस्थळे पहिला प्रश्न गुंतवणुकीचा विचारतात, ती यांच्याकडे नव्हती. गोव्यातल्या दैनिकांना मात्र मासळी पुरते. हंगाम उघडायच्या दिवशी मासेमारीचे बीट सांभाळणारा वार्ताहर जेटीवर येणारच असतो. त्याच्या वाटेत उभे राहायचे, एवढेच. वेळही मुद्दाम सकाळची. पावसाळी अधिवेशन चालू असले की अकरानंतर सगळे पर्वरीला विधानसभेत, आणि दुसऱ्या दिवशीची पाने सभागृहातल्या गोंधळाने भरलेली. चौदा जणांना बोलावले होते, तिघे आले, शिवाय एक कॅमेरा. पावसाच्या मानाने बरे म्हणायचे.

प्रेसनोट आदल्या संध्याकाळीच गेली होती. मराठी आणि इंग्रजी वेगवेगळ्या लिहिलेल्या, भाषांतर नव्हे. भांगरभूंय या कोंकणी दैनिकासाठी कोंकणीत तिसरी. प्रत्येक एका पानाची, तीनशे शब्दांच्या आत. मजकूर मेलमध्येच युनिकोडमध्ये चिकटवलेला, जोडीला वर्ड फाइल. नुसती पीडीएफ पाठवणे म्हणजे उपसंपादकाला टंकायला बसवणे. त्यातून ती जुन्या फॉन्टमधली असली तर कॉपी करताना ‘मासळी’चे काय होईल सांगता येत नाही. तो दोन मिनिटे झटतो आणि पुढची नोट उघडतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर दाबले जाऊन छापण्याजोगे राहत नाहीत.

एवढे सगळे नीट, आणि पहिलेच वाक्य चुकलेले. ‘हे यंत्र बसवलेला ट्रॉलर उद्या पहाटे समुद्रात जाणार’ असे मी लिहिले होते. सात चाळीसला तांडेल आला आणि म्हणाला, “बाय, फाल्यां बोट वचना. खलाशी अजून पावूंक नात.” ओडिशा-झारखंडकडचे खलाशी अजून गाडीत होते आणि दर्याही खवळलेला. बंदी ३१ ला संपते, पण बोटी १ ला सुटतातच असे नाही. पाऊस असतो, माणसे यायची असतात, नारळी पौर्णिमेचा रिवाज पाळणारेही असतात. जेटीवर कुणीही सांगितले असते. विचारले नव्हते ते मी.

अशा वेळी नुसती नवी नोट धाडून भागत नाही. डेस्कवर दोन नोटा पडल्या की आधी उघडलेलीच लागण्याचा संभव जास्त. म्हणून विषयाच्या ओळीत ‘सुधारित : आधीची प्रेसनोट वापरू नये’, पहिल्या ओळीत नेमके काय बदलले ते, आणि मग प्रत्येक डेस्कला फोन. सकाळी डेस्कवर कोणी नसते, म्हणून दुपारी तीनला पुन्हा फोन. संध्याकाळी पाचनंतर करायचा नाही. तेव्हा पाने लागत असतात आणि जो उचलतो तो खेकसतो, ते रास्तच आहे. ‘उद्या पहाटे’च्या जागी ‘येत्या हंगामात दोन ट्रॉलरवर’ एवढेच आले. बातमी थोडी मवाळ झाली, पण खरी राहिली.

तिघांपैकी एक वार्ताहर ज्येष्ठ होते. छत्री मानेत धरून त्यांनी नोट वाचली आणि पेनाने एका आकड्याखाली रेघ मारली. “मासळी खराब होण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी घटते. कशाचे ४० टक्के?”

संस्थापक मुलीने प्रामाणिकपणे सांगितले : मे महिन्यात दोन बोटी, सहा फेऱ्या, चोवीस क्रेट. लिलावात बाजूला काढलेल्या माशांचे वजन यंत्राविना किती आणि यंत्रासह किती, त्यातला फरक.

“बर्फ दोन्ही वेळा सारखाच होता?”

नव्हता. यंत्राच्या फेऱ्यांना बर्फ जास्त घातला गेला होता, कारण मोबाइल ओरडत होता. म्हणजे मासा यंत्राने वाचला की बर्फाने, हे त्या आकड्यातून ठरत नव्हते. मी आकडा तिथेच खोडायला सांगितला. ‘गोव्यातील पहिले’ आदल्या दिवशीच काढले होते. ते सिद्ध करायला गोव्यातले बाकी सगळे तपासावे लागतात, आणि वीस वर्षे मासळीवर लिहिणाऱ्याला दुसरे उदाहरण हमखास आठवते. ‘सरकारमान्य’ही काढले होते. डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता ही स्टार्टअप म्हणून झालेली नोंद, यंत्र चालते याचा दाखला नव्हे.

आकडा गेला, मग दाखवायचे काय? ट्रॉलरचा मासा बंदीमुळे नव्हताच. पणजीच्या मार्केटातून आणलेले पाच किलो बांगडे बर्फात ठेवले होते, ते क्रेटमध्ये ओतले. वर बर्फाचा थर, जसा घाईत घालतात तसा. सळई आधी वरच्या थरात : आकडा स्थिरावायला दोन मिनिटे लागली, १ अंश. मग मधोमध, माशांच्या पोटाला टेकवून. दोन मिनिटांनी ९ अंश. वरून क्रेट पांढराशुभ्र आणि आत मासा तापलेला. तांडेल वाकून बघायला लागला, तेवढ्यात फोटोग्राफरने टिपला. तोच फोटो चालला : आडवा, एक माणूस, एक डबी, आकडा वाचता येईल इतका जवळून. ओळीत उभे राहून हसणाऱ्या संस्थापकांचा फोटो कुणी लावला नाही. फोटोओळीत ‘प्रात्यक्षिक, मासळी बाजारातून आणलेली’ असे आग्रहाने घातले. ते लपवले असते आणि कुणी विचारले असते तर ९ अंशही खोटे ठरले असते.

मग वाहिनीच्या कॅमेऱ्यापुढे बाईट, म्हणजे छोटी प्रतिक्रिया. मुलगी छान बोलली. तिचा भागीदार शेवटी उत्साहात म्हणाला, “आम्ही पन्नास लाख उभारतोय, इच्छुकांनी संपर्क साधावा.” माझ्या पोटात गोळा आला. कंपनी कायदा, २०१३ चे कलम ४२ : खासगी वाटपाने, म्हणजे निवडक लोकांनाच, शेअर देणाऱ्या कंपनीने त्याची जाहिरात करायची नाही, माध्यमांतून लोकांना कळवायचेही नाही. चहाच्या टपरीवर सहज निघणारे वाक्य टीव्हीवर महागात पडू शकते. बाईट घेणाऱ्या मुलीला कारण सांगून विनंती केली. विनंतीच, चित्रित झालेले पुसायचा हक्क आपल्याला नसतो. ती म्हणाली, “तसंही ते मी वापरलं नसतं, मासा हवाय मला.”

पेटंटची भीती मात्र नव्हती, कारण तात्पुरते विनिर्देशपत्र (प्रोव्हिजनल), म्हणजे शोधाचे प्राथमिक वर्णन, जूनमध्येच दाखल केले होते. पूर्ण विनिर्देश त्यानंतर बारा महिन्यांत द्यावे लागते. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी वर्तमानपत्र आणि मग अर्ज, तर आपलीच बातमी आपल्या नावीन्याच्या आड येते. नोटेत ‘पेटंटप्राप्त’ नव्हे, ‘अर्ज दाखल’ असेच होते.

दुपारी एकाचा फोन आला, पैसे दिल्यास अर्धे पान ‘बातमीसारखे’ देतो म्हणाला. ‘जाहिरात’ असे वर छापणार का, विचारले. छापणार नव्हता. विषय संपला.

१ ऑगस्टला दोन दैनिकांत एकेक कॉलम, एकात फोटोसह चार कॉलम, वाहिनीवर सत्तर सेकंद. एका ठिकाणी मथळ्यात ४० टक्के होतेच, जुनी नोट लागली होती. दुरुस्ती मागितली, आतल्या पानावर तीन ओळी आल्या.

पहिला फोन आठ वाजून पाच मिनिटांनी. गुंतवणूकदार नाही, बोटवालाही नाही. पलीकडे एक बर्फ कारखानदार होते, आवाज चढलेला. “पेपरात आमच्या बर्फाला नावं ठेवता? कुणाचा बर्फ होता तो?”

मुलीने माझ्याकडे पाहिले. संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरे मी तिला कागदावर लिहून दिली होती, तेवीस प्रश्न. हा त्यात नव्हता. आता चोविसावा आहे.