शेजारच्या खोलीत लेख का उघडत नाही: ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा पहिला दिवस

१ जानेवारी २०२५, बुधवार. सरकारी विद्यापीठांत त्या दिवसापासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे संशोधन-जर्नल्सची देशभरासाठी एकच सरकारी वर्गणी, सुरू झालं आणि आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. रसायनशास्त्र विभागाची तक्रार सर्वांत चमत्कारिक होती. एका प्रयोगशाळेत लेख उघडतोय, शेजारच्या खोलीत तोच लेख पैसे मागतोय. एका संशोधिकेच्या बाबतीत तर लेखाचं पान पूर्ण दिसत होतं, पण पीडीएफवर क्लिक केलं की खरेदीचं पान समोर.

योजनेचा आवाका मोठा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० ई-जर्नल्स. लाभ ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना, म्हणजे अंदाजे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना. प्रत्यक्ष अंमलबजावणी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे ग्रंथालयं जोडणाऱ्या यूजीसीच्या केंद्राकडे. यूजीसी-इन्फोनेट, इंडेस्ट आणि २०१५ पासूनचं ई-शोधसिंधू या आधीच्या एकत्रित वर्गणीच्या योजनांमुळे विद्यापीठांना या कामाची सवय होती. पण तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला निवडक पॅकेजं यायची. आता सगळ्यांना सगळं, आणि तेही एकाच दिवशी. करार दिल्लीत झाला, पैसे दिल्लीतून गेले. तरीही सेवा खरोखर सुरू झाली की नाही, हे प्रत्येक कॅम्पसचं नेटवर्क ठरवतं. त्या तयारीला डिसेंबरचे जेमतेम काही आठवडे मिळाले, आणि माझ्या मते ते फार कमी होते.

प्रकाशकाच्या दाराशी ओळख दोन प्रकारे पटते. पहिला प्रकार आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्याचा: कॅम्पसमधून बाहेर पडणारी मागणी नोंदवलेल्या पत्त्यावरून आली की लेख उघडतो, लॉगिन लागत नाही. दुसरा प्रकार लॉगिनचा: वाचक घरी किंवा कॅम्पसबाहेर असेल तर तो इन्फेडच्या (इन्फ्लिबनेटच्या सामायिक लॉगिन-व्यवस्थेच्या) यादीतून आपली संस्था निवडतो, आपल्याच संस्थेच्या सर्व्हरवर नाव आणि पासवर्ड देतो, आणि तो सर्व्हर प्रकाशकाला कळवतो की हा माणूस आमचा. त्या दिवशी दोन्ही दारं अडली, दोन्हीची कारणं वेगळी.

रसायनशास्त्र विभागात आधी दोन्ही खोल्यांतल्या लॅपटॉपवर ‘माझा आयपी कोणता’ सांगणारं पान उघडलं. दोन वेगळे पत्ते आले. एक नॅशनल नॉलेज नेटवर्कच्या, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या सरकारी नेटवर्कच्या लाइनचा; तो नोंदवलेला. दुसरा खाजगी पुरवठादाराच्या लीज्ड लाइनचा, ज्याची नोंद कुणाकडेच नव्हती. कॅम्पसच्या फायरवॉलवर लोड बॅलन्सिंग चालू होतं: नवीन जोडणी आली की फायरवॉल ती मोकळ्या लाइनवर टाकतो. एरवी हे उत्तमच, पण इथे तेच घातक. एकाच लेखाचं पान एका लाइनने येतं आणि पीडीएफ दुसऱ्या लाइनने मागवली जाते, कारण बऱ्याच प्रकाशकांची पीडीएफ वेगळ्या सर्व्हरवरून येते. प्रकाशकाच्या दृष्टीने पान वाचणारा आपला गिऱ्हाईक, पीडीएफ मागणारा कुणी परका.

यावर उपाय तीन. पहिला, दुसऱ्या लाइनचे पत्तेही नोंदवायचे. योग्य हाच, पण नोंद प्रत्येक प्रकाशकाकडे पोचायला दिवस जातात. दुसरा, प्रकाशकांच्या संकेतस्थळांची यादी करून ती वाहतूक एकाच लाइनने पाठवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण मुख्य नाव घालून भागत नाही; पीडीएफचा सर्व्हर, चित्रांचा सर्व्हर, लॉगिनचा सर्व्हर अशी प्रत्येकाची तीन-चार नावं निघतात. आणि नियम नावांवरच लिहावा लागतो, आयपीवर नाही, कारण ही संकेतस्थळं मोठ्या वितरण जाळ्यांच्या (ठिकठिकाणी पसरलेल्या सामायिक सर्व्हरांच्या) मागे असतात आणि तिथले पत्ते बदलत राहतात. आम्ही तिसरा धरला: विभाग, ग्रंथालय आणि संशोधकांच्या हॉस्टेलचं सगळं नेटवर्क नॉलेज नेटवर्कच्या लाइनला बांधलं, दुसरी लाइन फक्त पहिली पडली तर. दुपारच्या जेवणाआधी दोन्ही खोल्यांत लेख उघडू लागला. फक्त एक सूचना विभागांना द्यावी लागली की मुख्य लाइन पडली तर इंटरनेट चालू दिसेल, पण जर्नल्स बंद असतील.

एका नव्या इमारतीत मात्र तरीही काही प्रकाशक चालत, काही नाही. तिथे आयपी दाखवणाऱ्या पानावर अंकांमध्ये टिंबांऐवजी अपूर्णविरामासारखी चिन्हं होती, म्हणजे आयपीव्ही-६ ही पत्त्यांची नवी पद्धत. नोंद फक्त जुन्या आयपीव्ही-४ ची झालेली. ज्या प्रकाशकाचं संकेतस्थळ आयपीव्ही-६ वर बोलतं तिथे संगणक तोच रस्ता आधी धरतो आणि परका ठरतो. त्या भागातलं आयपीव्ही-६ तात्पुरतं थांबवलं आणि त्याचा पट्टा नोंदणीसाठी पाठवला.

आयपी नोंदणीबद्दल इतर संस्थांचेही फोन येत होते, म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. अर्जात १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते भरू नयेत. हे कॅम्पसच्या आतले पत्ते. जगात लाखो ठिकाणी तेच वापरात असतात आणि प्रकाशकाला ते कधी दिसतच नाहीत. संगणकाच्या सेटिंगमध्ये दिसणारा आकडा उतरवला की ही गफलत होते. तसंच साध्या ब्रॉडबँडवर चालणाऱ्या संस्थेने पुरवठादाराकडून कायमचा सार्वजनिक पत्ता विकत घेतल्याशिवाय नोंदणीच करू नये. ब्रॉडबँडवर एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असू शकतो. तो नोंदवला तर शेजारच्या सायबर कॅफेलाही जर्नल्स उघडतील, आणि उद्या पत्ता बदलला की आपल्याला बंद.

दुसरं दार, म्हणजे लॉगिनचं, दुपारी उघडून बघितलं. घरून लॉगिन करणाऱ्यांना काही प्रकाशकांकडे प्रवेश मिळत होता, काहींकडे पासवर्ड बरोबर असूनही एरर येत होता. पासवर्ड चुकला असता तर सगळीकडेच अडलं असतं. सगळीकडे न अडता काही ठिकाणीच अडतं तेव्हा आधी घड्याळ बघावं. आमच्या ओळख-सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटांहून थोडं पुढे होतं. लॉगिन झाल्यावर हा सर्व्हर प्रकाशकाला एक सही केलेला संदेश पाठवतो आणि त्यात ‘या वेळेपासून या वेळेपर्यंत ग्राह्य’ असं लिहिलेलं असतं. शिबोलेथ या लॉगिनच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांची. घेणारी बाजू घड्याळातला फरक थोडा चालवून घेते. शिबोलेथ वापरणाऱ्यांकडे मूळ सेटिंगमध्ये तीन मिनिटं, काहींनी ती वाढवलेली. आमचा संदेश काहींच्या लेखी चक्क भविष्यातून येत होता, म्हणून नाकारला जात होता.

घड्याळ पुढे का गेलं? ओळख-सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर होता, आणि सुरक्षेसाठी फायरवॉलवर बरीच पोर्ट्स बंद करताना वेळ जुळवणाऱ्या सेवेचं यूडीपी १२३ हे पोर्टही बंद झालं होतं. वेळ जुळणं थांबलं, फरक रोज थोडाथोडा साठत गेला. पोर्ट उघडलं, वेळ राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जोडली, सेवा पुन्हा सुरू केली. त्याच बैठकीत संदेशावर सही करणाऱ्या प्रमाणपत्राची मुदतही पाहून घेतली. ती संपली तर एका रात्रीत सगळ्या प्रकाशकांकडचा प्रवेश बंद होतो, आणि नवं प्रमाणपत्र सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो. बदल निदान महिनाभर आधी सुरू करायला हवा.

मग वापरकर्त्यांची यादी. ती विभागांकडून एक्सेलमध्ये येते आणि एक्सेलचे नेहमीचे खोड्याळ प्रकार तिच्यासोबत येतात: ईमेलच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा, नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीची गळलेली शून्यं, लांब आकड्यांचं ‘ई प्लस’ झालेलं रूप. क्रमांकाचा रकाना भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून पाठवला तर यातले निम्मे त्रास टळतात. दुसरं म्हणजे पीएचडी पूर्ण झालेल्यांची आणि सोडून गेलेल्यांची नावं काढणं. हे काम कुणालाच आवडत नाही, पण माजी विद्यार्थी करारात बसत नाहीत.

‘चालतंय’ असं कळवणाऱ्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. सकाळी एका विभागाने सगळं सुरळीत असल्याचा निरोप दिला; त्यांनी तपासलेला लेख मुक्त प्रवेशाचा निघाला, तो तर चहाच्या टपरीवरूनही उघडला असता. चाचणीसाठी वर्गणीवाल्या जर्नलमधला, मुक्त प्रवेशाची खूण नसलेला, २०२४ चा लेख घ्यावा. ब्राउझरची नवीन खाजगी खिडकी उघडावी, फोनचा हॉटस्पॉट बंद ठेवावा, लेखाचं पान आणि पीडीएफ दोन्ही उघडून पाहावेत. पानावर संस्थेचं नाव दिसतंय का तेही वाचावं. घरून तपासताना नेहमीचा लॅपटॉप वापरू नये; कॅम्पसमध्ये गूगल स्कॉलर वापरलेलं असेल तर ती ओळख काही प्रकाशकांकडे बराच काळ टिकते आणि लॉगिन न करताच लेख उघडतो. लॉगिन बिघडलेलं असूनही ते चालतंय असं वाटतं.

संध्याकाळी वेगळंच संकट आलं. एका प्रकाशकाकडून ईमेल: तुमच्या पत्त्यावरून पद्धतशीर डाउनलोड चालू आहे, प्रवेश स्थगित. कॅम्पसमधले शेकडो लोक बाहेरून एकाच पत्त्याने दिसतात, त्यामुळे एकाने केलं की सगळ्यांचं बंद. ईमेलमध्ये वेळ ११:१२ होती, पण जीएमटीमध्ये. फायरवॉलच्या नोंदी भारतीय वेळेत असतात, म्हणून साडेपाच तास मिळवून १६:४२ च्या नोंदी पाहिल्या, तेव्हा एका हॉस्टेलमधला संगणक सापडला. एक संशोधक समीक्षा-लेखासाठी जर्नलचे जुने अंक डाउनलोड करणाऱ्या साधनाने ओढत होता. वाईट हेतू नव्हता. इतकी वर्षं न मिळालेलं मिळालं की हात थांबत नाही. प्रकाशक मर्यादा किती ते सहसा सांगत नाहीत. माणसाच्या वेगाने वाचायला घ्यावं, हजारो लेखांवर काम असेल तर प्रकाशकाकडून त्यासाठीची वेगळी सोय मागावी. काय झालं आणि काय बंदोबस्त केला हे लेखी कळवल्यावर प्रवेश परत मिळाला. फायरवॉलच्या या नोंदी निदान तीन महिने ठेवाव्यात. त्या नसतील तर कळवायला काही उरत नाही.

फोनवरचे बाकीचे प्रश्न समजुतीचे होते. स्कोपस, वेब ऑफ सायन्स हे संदर्भ शोधायचे डेटाबेस यात आहेत का? नाहीत, योजना जर्नल्सची आहे. संलग्न महाविद्यालयांनी विद्यापीठाचं लॉगिन वापरावं का? अजिबात नाही, प्रत्येक संस्थेची नोंद स्वतंत्र. महाराष्ट्रात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण इथली बहुसंख्य महाविद्यालयं खाजगी शिक्षणसंस्था चालवतात आणि योजनेची अट सरकारी व्यवस्थापनाची आहे. त्यांच्या ग्रंथपालांना एनलिस्टकडे, म्हणजे इन्फ्लिबनेटच्या महाविद्यालयांसाठीच्या वेगळ्या सेवेकडे वळवण्यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं.

दिवसअखेर विभागप्रमुखांना एकच मागणी केली: तक्रार ‘उघडत नाही’ एवढीच पाठवू नका. लेखाचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक), वेळ, त्या क्षणीचा आयपी पत्ता आणि पडद्याचा फोटो, इतकं पाठवा. पुढच्या कामाला प्रकाशकांचे काउंटर अहवाल, म्हणजे वापराच्या आकडेवारीचे ठरलेल्या नमुन्यातले अहवाल लागतील. त्यात ‘टीआर-जे२’ नावाचा तक्ता असतो. कोणत्या जर्नलमध्ये आपल्या किती वाचकांना नकार मिळाला, आणि तो परवाना नसल्यामुळे की एकाच वेळी वाचणाऱ्यांची मर्यादा संपल्यामुळे, हे त्यात वेगळं दिसतं. योजनेत असलेलं जर्नल परवाना नसलेल्यांच्या ओळीत सापडलं, तर नोंदणीत कुठेतरी एखादा पत्ता अजून सुटलेला आहे.