तुम्ही विचारलंत म्हणून: जिभेखालच्या गोळीनं हृदयाला बळ येतं का?

मी औषधशास्त्र शिकवते हे कळलं की लग्नकार्यात, एसटीत, कुठंही कुणीतरी खिशातली सॉर्बिट्रेटची पट्टी काढून विचारतं, "मॅडम, या गोळीनं हृदयाला बळ येतं ना?"

बळ येत नाही. ओझं उतरतं.

आमच्या नानांच्या सदऱ्याच्या खिशात ही पट्टी कायम असायची. जिना चढताना छातीत धरलं की ते पायरीवर टेकायचे, गोळी जिभेखाली ठेवून डोळे मिटायचे. दोन-तीन मिनिटांत कानशिलं ठणकू लागायची. "डोकं उठलं, आता छाती सुटेल," म्हणायचे. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. गोळीपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, आणि तो छातीतल्या रक्तवाहिन्यांबरोबर डोक्यातल्याही सैल करतो. (हसवणारा वायू तो हा नव्हे, गाडीच्या धुरात असतो तो हा.) शिरा तर फारच सैलावतात. रक्त पायांत, पोटात थोडं रेंगाळतं, हृदयाकडे कमी परततं, आणि दमलेल्या स्नायूला कमी प्राणवायू पुरतो. म्हणूनच ही गोळी बसून घ्यायची. उभ्यानं घेतली तर भोवळ येते.

याच जातीचं नायट्रोग्लिसरीन, म्हणजे डायनामाइटमधलं रसायन, विल्यम मरेल या डॉक्टरांनी 1879 मध्ये छातीच्या कळेवर दिलं होतं. खुद्द आल्फ्रेड नोबेलना 1896 मध्ये डॉक्टरांनी तेच लिहून दिलं. गुण यायचा, पण का येतो ते कुणालाच सांगता येत नव्हतं. नायट्रोग्लिसरीनमधून हा वायू सुटतो, हे फरीद मुराद यांनी दाखवलं ते 1977 मध्ये. पण शरीर स्वतःच तो बनवत असेल, ही कल्पना तेव्हा अजून रुजली नव्हती.

ती कशी रुजली, हे सांगताना मला आजही भरून येतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत. ॲसिटिलकोलीन हे औषध घातलं की त्यांची पट्टी आखडायची. जिवंत प्राण्यात मात्र त्याच औषधानं रक्तवाहिन्या रुंदावतात. आम्हीही विद्यार्थिदशेत आतड्याचा तुकडा दोऱ्यानं बांधून, काजळी धरलेल्या कागदावर त्याच्या हालचाली उमटवायचो. तुकडा साफ करताना बोट जरा जोरात फिरलं की सरांची हाक यायची. फर्चगॉट यांच्या पट्ट्यांचं नेमकं तेच होत होतं: तयार करताना आतलं एका पेशीच्या जाडीचं अस्तर खरवडलं जात होतं. अस्तर शाबूत ठेवलं आणि पट्टी सैलावली. मग त्यांनी अस्तर गेलेल्या पट्टीला अस्तर असलेली पट्टी चिकटवून ठेवली, तर पहिलीही सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपत होतं. 1980 मध्ये हे छापून आलं. 'ते काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड असावं, असं फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी 1986 मध्ये वेगवेगळं मांडलं. 1998 चं नोबेल या दोघांना आणि मुराद यांना मिळालं. 1987 मध्ये त्याचा भक्कम पुरावा देणारे साल्वादोर मोंकाडा त्यात नव्हते, हे मला अजूनही खुपतं.

आता खुद्द हृदय. त्याच्या स्नायूपेशीही आर्जिनीन या अमिनो आम्लापासून हा वायू बनवतात. त्याचं आयुष्य काही सेकंदांचं, त्यामुळे जिथं बनतो तिथंच त्याचं काम. पेशीच्या पडद्याजवळ बनलेला ॲड्रेनलीनची घाई आवरतो. पेशीच्या आत कॅल्शियमच्या कोठाराजवळ बनलेला कॅल्शियम परत कोठारात जायला मदत करतो. कॅल्शियम सुटलं की हृदय आवळतं, परत गेलं की सैल होतं. विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे 0.8 सेकंद लागतात; त्यातले 0.3 आवळण्याचे, 0.5 सैल होऊन भरण्याचे. डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्तही मुख्यतः या सैल वेळातच मिळतं. बळाचं कौतुक सगळेच करतात. मला हा अर्धा सेकंद मोलाचा वाटतो.

जास्त वायू म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरला की तो बेसुमार बनतो, रक्तदाब कोसळतो आणि हृदयाच्या आवळण्याचा जोरही कमी होतो. सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रातलं औषध) याच्याबरोबर ही गोळी घेतली तरी रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. ते औषध घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि एक. नाना एका रात्री गोळीवर गोळी घेत पहाटेपर्यंत बसून राहिले, आम्हाला उठवलं नाही. धमनीत गुठळी अडकली असेल तर ती या गोळीनं विरघळत नाही. पहिल्या गोळीनंतर पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर घरच्यांना उठवा आणि 108 ला फोन करा.